गुळाची काहील: चार जण, सगळे बसून

लष्करातली आमची इंजिनिअर कंपनी पुराच्या कामावर सोलापूर जिल्ह्यात आली, तेव्हा मी हवालदार होतो. करकंबच्या पुढे भीमेकाठच्या एका वस्तीला पाण्याने वेढलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची रबरी बोट बाभळीच्या काट्यांवर फाटली. दुसरी यायला संध्याकाळ होणार होती. आणि वस्तीतल्या पार्वती नावाच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

गावकऱ्यांनी होडी म्हणून गूळ करायची लोखंडी काहील पुढे केली. नाईक दत्ता मेटकरी आमचा पट्टीचा पोहणारा, मूळचा मंगळवेढ्याचा. तो म्हणाला, "हवालदारसाब, गुळात पडायचं तेवडं ऱ्हायलं हुतं."

मी हसलो नाही. वस्तीपासून रस्त्यापर्यंत पाण्यावर दोर ताणला. काहिलीत चार माणसांच्या वजनाची वाळूची पोती ठेवून ती दोनदा पलीकडे नेऊन आणली. काठ पाण्यावर वीतभर राहिला. १५३० वाजता कॅप्टनसाहेब वॉकी-टॉकीवर आले.

"फिट आहे?"

"फिट, सर. चार जण. सगळे बसून."

"गो अहेड."

पाण्याला आवाज नव्हता. ते मला आवडलं नव्हतं.

शाबूत लाइफ जॅकेट तीनच होती. ती पार्वती, तिची सासू आणि सुईण यांना घातली. दत्ता तसाच बसला. तेही मीच मंजूर केलं.

"कुणी उटायचं न्हाय," त्याने बजावलं.

"व्हय," तिघी म्हणाल्या.

दत्ता दोर ओढत काहील पुढे नेत होता. पलीकडचा काठ पंधरा फुटांवर आला. तिथे पार्वतीचे सासरे जीप घेऊन थांबले होते. ते पाण्याच्या कडेला आले. पार्वतीने त्यांना पाहिलं, डोक्यावर पदर ओढला आणि उभी राहिली.

काहील उलटली. दत्ताने एकेकीला दोरापर्यंत ढकललं, गावकऱ्यांनी ओढून घेतलं. तिसरीने दोर धरला आणि फिरत आलेल्या काहिलीचा काठ दत्ताच्या डोक्यात बसला. मी उडी घेतली. हाताला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली बाभळीत अडकलेला सापडला.

पार्वतीला मुलगी झाली. दवाखान्यात ती रडत म्हणाली, "मामंजी म्होरं हुबे, अन् मी कशी बसून ऱ्हाऊ?"

तिचा राग आला नाही. माझी आईही उठली असती. राग माझाच आला. मी पोती बसवून पाहिली होती, आणि पोती कुणाला बघून उठत नाहीत.

आता निवृत्त होऊन सोलापुरात असतो. पिंपांचे तराफे तपासायला गावं बोलावतात. मी त्यात माणसं बसवतो आणि काठावर घरातलं वडीलधारं माणूस उभं करतो. कुणी उठलं, की परवानगी नाही. लोक हसतात. मग मी त्यांना नाईक दत्ता मेटकरीचं नाव सांगतो.