अंगणापर्यंत येणारी गाडी

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसलोय. वाईट वाटून घेऊ नका... माझा धंदाच तसा आहे. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. माझ्या जगात करंट असतो नाहीतर नसतो, तिसरं काही नसतं. ‘मिस्त्री, हॉर्न आपोआप वाजतोय’ म्हणत घाबरीघुबरी झालेली माणसं माझ्याकडे येतात. मी हँडलखालची सोललेली वायर दाखवतो, टेप मारतो, भूत उतरतं. भोरला आमची अम्मी घरातल्या प्रत्येकाच्या दंडाला ताईत बांधायची. माझा ताईत दुकानाचं शटर उघडायच्या आत खिशात गेलेला असायचा. तर असा माणूस हे लिहितोय, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

गोष्ट दोन हजार तीन-चारच्या आसपासची. माझं दुकान तेव्हा किकवीला, हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये होतं. त्या वर्षांत बाइकला रिमोटचा अलार्म बसवायचं खूळ आलं होतं. गाडीला अलार्म नसेल तर पोराला मुलगी कोण देणार, अशी परिस्थिती. बसवायला सोपा. साइड कव्हरच्या आत एक डबी, सीटखाली भोंगा आणि किल्लीला लावायला दोन बटणांचा रिमोट. एकदा ‘टिव’ झालं की गाडी लॉक, दोनदा ‘टिव-टिव’ झालं की उघडली. लॉक असताना कुणी किक मारली तर भोंगा बोंबलतो आणि इंजिन काही चालू होत नाही.

सोपानच्या गाडीला मीच बसवला होता. सोपान म्हणजे गुंजवण्याच्या अलीकडच्या एका वाडीतला दूधवाला. वाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिशीचा, राबणारा गडी, पण डोकं लगेच तापणारा. रोज सकाळी सहाला गाडीला कॅन बांधून निघायचा आणि नसरापूरला दूध घालायचा. वर्षभर अलार्मची एक तक्रार नाही, आणि मे महिन्यात एके दिवशी हा गाडी घेऊन दारात. म्हणे, सकाळी रिमोट दाबला तर गाडी उघडतच नाही. किक मारली की बोंबलते, सगळी वाडी जागी होते. शेवटी सीट काढून अलार्मच्या वायरींचा जोड, म्हणजे कपलर, उपसायचा आणि मग निघायचं.

मी कपलर लावला, रिमोट दाबला. टिव-टिव. वीस वेळा दाबला, वीस वेळा उघडली. मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, हा चुकीचं बटण दाबत असणार. तरी रिमोटचा सेल बदलून दिला. चार दिवसांनी परत आला. मी अँटेनाची वायर नवीन घातली, बॅटरीचं पाणी बघितलं, अर्थिंग घासून साफ केलं. परत आला. आता मात्र मी अख्खी डबीच बदलली, रिमोटही नवा. तिसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर. दुकानात गाडी गरीब गाय, वाडीत गेली की मारकी म्हैस.

“मिस्त्री, तुमची ही पीं-पीं काढून टाका,” सोपान म्हणाला. “दूध नासायची पाळी आली.”

माझ्या हातची फिटिंग काढायची म्हणजे नाक कापून घेणंच की. मी म्हटलं, थांब, मी स्वतः येतो. शुक्रवारी तसंही दुपारी नमाजासाठी दुकान बंद असतं. त्या शुक्रवारी सकाळपासूनच शटर खाली ओढलं आणि मीटर, टेस्ट लॅम्प पिशवीत घालून गेलो.

त्यांची वाडी धरणात जाणार होती. सगळी माणसं वर, नव्या गावठाणात राहायला आली होती. पत्र्याची घरं, अजून झाडाची सावली नाही. सोपानची गाडी दारात उभी होती. मी रिमोट दाबला, काही नाही. मीटर लावून बघितलं तर डबीला बारा व्होल्ट व्यवस्थित येत होते. सेल भरलेला, रिमोटचा लाल दिवा लागत होता. अगदी डबीला टेकवून दाबला तरी गाडी ढिम्म. आता मलाही घाम फुटला, पण तो विचाराचा, भीतीचा नव्हे. तेवढ्यात पन्नास पावलांवरची विजेची नवी डीपी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. हिच्याच जवळ असल्यामुळे काहीतरी गोंधळ होत असणार.

मी म्हटलं, गाडी डीपीपासून लांब नेऊन बघू. लांब जायला रस्ता एकच होता, खाली जुन्या वाडीकडे उतरणारा. ते ऐकून सोपानचा चेहरा पडला. म्हणाला, तिकडं मी येणार नाही.

तो गोठ्याकडे निघून गेला, तेव्हा त्याच्या बायकोनं, मंदावहिनींनी, हळू आवाजात सगळं सांगितलं. वाडी हलली, पण सोपानचे वडील हलले नव्हते. आबा म्हणत, देवघरातले देव हलायला तयार नाहीत, मी कसा हलू? तीन आठवड्यांपूर्वी त्यावरून बापलेकांचं जोरात भांडण झालं. सोपान चार माणसांत म्हणाला, बसा मग त्या भिंती धरून, मी पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही. तेव्हापासून म्हातारा खाली एकटा. वहिनी रोज दुपारी भाकरी घेऊन जायच्या, पण मुलगा गेला नव्हता. आणि पाणी तर या पावसाळ्यात चढणार होतं.

“तुमी जाताय तर भाकरी तेवढी द्या,” वहिनी म्हणाल्या, “आन् जमलं तर दोन शब्द सांगा. आमचं कुणाचंच ऐकत न्हाईत.”

मी कपलर उपसून गाडी चालू केली, भाकरीचं फडकं हँडलला अडकवलं आणि निघालो. अंतर तीनेक किलोमीटर. मध्ये डोंगराचं नाक आडवं येतं, त्यामुळे वरचं घर खालून दिसतही नाही. जुन्या वाडीत दारं-खिडक्या काढून नेलेल्या भिंती उभ्या होत्या. एकच घर धड होतं, कौलं जागच्या जागी, अंगण शेणानं स्वच्छ सारवलेलं.

उतारावर मी इंजिन बंद केलं होतं. गाडी अंगणात आली, साइड स्टँड लावला. कपलर जोडला, लॉक केली. टिव. मग उघडायचं बटण दाबलं. पहिल्याच झटक्यात टिव-टिव. मी खूश. म्हटलं, सापडला फॉल्ट.

आणि आतून शांत आवाज आला, “आज तरी आत ये की, बाबा.”

मी भाकरी घेऊन दारात उभा राहिलो. म्हातारा चुलीपुढे बसला होता. मला बघून त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरून बस म्हणाले. मी कोण ते सांगितलं. चुलीवर चहा होता आणि खाली दोन कप मांडलेले. मी सहज विचारलं, कुणी येणार होतं का?

“सोपान येतो की रोज,” आबा म्हणाले. “सकाळी सहाला. आदी स्टँड लावल्याचा आवाज येतो, मग ती गाडी दोनदा वाजती. म्या चहा ठेवतो. पन त्यो आत येत न्हाई. दारात पाय ठेवनार न्हाई म्हनला व्हता ना, म्हनून अंगनातनंच माघारी जातो. म्या भाईर येस्तोवर गेल्यालाबी असतो.”

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. सहा वाजता सोपान वर, स्वतःच्या दारात, रिमोट दाबून दाबून गाडीला शिव्या घालत असतो. अख्खी वाडी साक्षीला होती.

“सूनबाईला इचारलं न्हाई,” ते पुढे म्हणाले. “त्यो चोरून येत आसंल, उगा बोभाटा कशाला? पन मिस्त्री, म्या आता हितनं हलू कसा? एक दिस त्यो आत येईल आन् घर मोकळं दिसंल त्याला.”

म्हणजे देव वगैरे राहिले बाजूला. म्हातारा पोराची वाट बघत बसला होता, न येणाऱ्या पोराची, आणि तेवढ्यासाठी पाण्यात बुडायला तयार होता. मला फार वाईट वाटलं. खरं सांगावं असं जिभेवर आलं होतं. गिऱ्हाइकाला फॉल्ट सांगायचाच, हा माझा नियम. पण त्या दोन कपांकडे बघून नाही बोलवलं. चहा प्यालो आणि उठलो. बाहेर येऊन अंगण निरखून बघितलं. स्टँडचा एक खड्डा माझा होता, त्याच्याच शेजारी दुसरा एक दिसला. तो आधीचाही असेल. गाडी तिथं वर्षभर लागतच होती.

वर येऊन सोपानला बाजूला घेतलं आणि शब्दाला शब्द सांगितला. मला वाटलं तापणार. तो तापला नाही. एवढंच विचारलं,

“सहाला म्हनले?”

“सहाला. आधी स्टँड, मग दोनदा.”

त्यानं माझ्या हातातली किल्ली घेतली आणि खाली गेला. मी आणि वहिनी ओट्यावर बसून राहिलो. त्यांनी दोनदा पदरानं डोळे पुसले, मी दोनदा मीटर पुसला. दीड-दोन तासांनी गाडी चढावर दिसली. मागे आबा बसले होते, मांडीवर पटक्याच्या कापडात बांधलेले देव. सोपाननं डीपीशेजारून गाडी आणून दारात लावली, आबांना उतरवलं आणि सवयीनं रिमोट दाबला. टिव. मी म्हटलं, उघड आता. टिव-टिव. त्या दिवसानंतर तो अलार्म एकदाही अडला नाही. डीपी आजही तिथंच आहे.

मी विचार करायचा तेवढा केला. स्वस्तातल्या अलार्मचे कोड एकसारखे असतात, दुसऱ्या कुणाची गाडी वाजत असेल... पण खाली कुणी राहतच नव्हतं. रिमोटची रेंज मोकळ्या मैदानातही शंभर फूट, इथे मध्ये डोंगर. म्हाताऱ्याला भास झाला म्हणावं, तर गाडी नेमकी त्याच दिवसांत वर का अडत होती? आणि एकवेळ टिव-टिवचं काहीतरी कारण निघेलही. स्टँडचं काय? स्टँडला ना वायर, ना करंट.

आबा पुढे नव्या घरात सहा वर्षं राहिले. ते वारल्यावर काही महिन्यांनी सोपान दुकानात आला. गाडीचं काही काम नव्हतं. त्यानं आबांना शेवटपर्यंत खरं सांगितलं नव्हतं. ‘तू रोज यायचास’, असं ते कौतुकानं सगळ्यांना सांगायचे आणि हा मान खाली घालून ऐकायचा. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाला,

“मिस्त्री, म्या खरंच गेलो नव्हतो ना?”

मी त्याच्या हातातला रिमोट घेतला, उघडला, सेल मीटरला लावून बघितला. पूर्ण भरलेला होता.