ओढायला गाडी हवी होती

माझ्या नवऱ्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि पोटाला कायमची पिशवी लागली. शौचाची वाट पोटावरच्या एका छिद्रातून काढलेली आणि त्यावर ही पिशवी चिकटवलेली. ती वरचेवर रिकामी करायची, धुवायची, ठरावीक दिवसांनी बदलायची. पहिले काही आठवडे त्याला माझ्यासमोर शर्ट काढायची लाज वाटायची. मग सवय झाली, त्याला आणि मलाही. आम्ही कॉलेजात एकाच वर्गात होतो, अहो-जाहो कधी आलंच नाही, त्यामुळे या विषयावरही सरळ बोलता यायचं. मला त्या पिशवीची कधी किळस वाटली नाही. किळस म्हणजे काय ते मला नंतर कळलं, गाडी घ्यायला निघालो तेव्हा.

तो चित्रकलेचा शिक्षक. सुट्टी लागली की कागद-रंग घेऊन डोंगरात जायचा. ऑपरेशननंतर आम्ही एकदाच लांब निघालो, कोल्हापूरला. वाटेत एका ढाब्याच्या संडासात तो गेला आणि बराच वेळ आलाच नाही. बाहेर आला तेव्हा शर्ट पुढून भिजलेला आणि चेहरा पांढरा. नळाला पाणी नव्हतं. दाराला कडी नव्हती. एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने त्याने जमेल तसं केलं होतं आणि बाहेरून कोणीतरी लाथा मारत होतं.

"गाडी फिरव," एवढंच म्हणाला. मी फिरवली. त्यानंतर तो वसईच्या बाहेर पडला तो फक्त डॉक्टरकडे.

गाडीच्या मागे जोडायच्या घराची कल्पना माझी. बँकेतून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. सातिवलीला एक फॅब्रिकेशनवाला आहे, तो ट्रेलर बनवतो. त्याच्याकडून आम्ही दोन चाकांचं छोटं घर बनवून घेतलं: दोन बाक, एक शेगडी, पाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात स्वतःचं न्हाणीघर. बेसिन नवऱ्याच्या कमरेच्या उंचीवर, पिशवी धुवायला वाकायला लागू नये म्हणून. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आत गेला, कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर येऊन म्हणाला, "आता हे ओढणार कोण?"

आमच्या छोट्या पेट्रोल गाडीला ते ओढणं शक्य नव्हतं. भरलेल्या ट्रेलरचं वजन साडेनऊशे किलो होतं. डिझेलचं इंजिन हवं, म्हणजे चढावर कमी वेगातही जोर राहतो. खाली ट्रकसारखी मजबूत चौकट हवी, आणि कच्च्या रस्त्यासाठी इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळायला हवा. गाड्यांचं मला वावडं नाही. माहेरच्या वाडीतली केळी आणि फुलं मी लग्नाआधीपासून पिकअपमध्ये भरून नेत आलेय. नवरा मात्र स्टिअरिंगला कधी बसलेला नाही.

आधी मी व्हिडिओ पाहिले. काळा चष्मा लावलेली माणसं नदीत गाडी घालून पाणी उडवत होती. मागे ढणढण संगीत. एकाने तर ओढ्यात धुणं धुणाऱ्या बायकांच्या अंगावर पाणी उडवून कॅमेऱ्याकडे बघत हात वर केले. ती गाडी किती वजन ओढते, हे यांतल्या एकानेही सांगितलं नाही.

मग शोरूम. सगळीकडे तेच. मी विचारायचे आणि उत्तर नवऱ्याला मिळायचं.

"भरलेला ट्रेलर घेऊन घाटात चढेल का?" मी विचारलं.

"सर, ही ट्रक पण खेचेल," विक्रेता नवऱ्याकडे बघून म्हणाला. पंचविशीतला, घट्ट सूट घातलेला. "तुमची पर्सनॅलिटी आहे ना, त्याला ही सूटच होते. रोडवर प्रेझेन्स पाहिजे, सर."

"गाडी ही चालवणार आहे," नवरा म्हणाला.

"हो का? वा, आंटी! मग तुम्हाला सनरूफ दाखवतो."

मला सनरूफ दाखवलं. सीटचे रंग दाखवले. पर्स ठेवायची जागा दाखवली. मागे ट्रेलर जोडायचा हूक कंपनीकडून मिळतो का, हे विचारल्यावर तो आत गेला, बाहेर आला, म्हणाला बाहेरून कोणाकडूनही वेल्डिंग करून घ्या, सगळे घेतात. साडेनऊशे किलोचं घर ज्याच्या भरवशावर मागून येणार, तो हूक कोणाकडूनही वेल्डिंग करून.

तरी गाडी चांगली होती, हे मला कबूल करायलाच हवं. मी वाकून खालची चौकट पाहिली, गाडीबरोबरचं पुस्तक मागून घेऊन स्वतः वाचलं. त्यात ओढायचं वजन स्पष्ट लिहिलेलं होतं आणि आमच्या ट्रेलरहून बरंच जास्त होतं. मला तीच हवी होती.

विक्रेता म्हणाला, "सर, रविवारी कळंबला बीचवर आमचा ऑफ-रोड इव्हेंट आहे. तिथे चालवून बघा. फॅमिली एन्जॉय करेल."

आम्ही गेलो. दिवाळी होऊन गेली होती. किनाऱ्यावर झेंडे, तंबू, मोठे स्पीकर. भरतीच्या रेषेवर टायरचे खोल चर पडलेले. थोडं पलीकडे कोळणींनी जाळ्या अंथरून जवळा सुकत घातला होता, गुलाबी पट्टेच्या पट्टे. दोऱ्या बांधून गाड्यांची वाट आखलेली होती, ती त्या जाळ्यांपासून बऱ्यापैकी दूर होती.

मला चालवायची होती, पण आधी त्यांचा माणूस एक फेरी मारून दाखवणार, असा नियम होता. मी पुढे बसले, नवरा मागे, त्याच्या शेजारी तो विक्रेता. चालवणारा टोपी उलटी घातलेला. त्याने गाडी वाळूच्या उंचवट्यावरून उडवली. आम्ही सगळे आपटलो. मी म्हटलं, "हळू घ्या, यांचं पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे."

"आंटी, थ्रिल त्यातच आहे," असं म्हणून त्याने दुसरा उंचवटा घेतला.

पिशवीची चिकटवलेली कड सुटली असावी. काचा बंद, एसी चालू. वास आला. मला लगेच कळलं. आरशात पाहिलं तर नवरा दोन्ही हात पोटावर धरून खिडकीबाहेर बघत होता.

"काय वास मारतोय यार," चालवणारा म्हणाला. "कोणी केलं काय गाडीत?" मागचा विक्रेता हसला. तोंडावर हात धरून, पण हसला. मग पुढे वाकून त्याने पुढच्या दोन सीटमधल्या कप्प्यातून अत्तराचा फवारा काढला आणि नवऱ्याच्या दिशेने मारला. माणसावर मारला. झुरळावर मारतात तसा.

"थांबवा गाडी," मी म्हटलं.

चालवणाऱ्याने काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून श्वास घेत गाडी वळवली. दाखवायला म्हणून जोरात गोल फिरवली. आखलेल्या दोऱ्या मागे राहिल्या आणि गाडी जवळ्याच्या जाळीवरून गेली. एका नाही, दोन जाळ्यांवरून. चाकाखाली काहीच जाणवलं नाही. मी हँडब्रेक ओढला. गाडी वाळूत कलत थांबली.

मी उतरून मागचं दार उघडलं, नवऱ्याला हात दिला. समोरून एक कोळीण धावत येत होती, माझ्याच वयाची, पदर खोचलेला.

"डोळे फुटले काय रे तुमचे? दिसत नाय सुकत घातलंय ते?"

चालवणाऱ्याने खिडकीतूनच एक नोट पुढे केली. "घ्या मावशी, टेन्शन नको. बीच काय तुमच्या बापाचा आहे का?"

दोन्ही वाक्यं त्याच हसऱ्या आवाजात. कोळणीने नोटेकडे पाहिलंही नाही. तिने वाकून ओंजळभर जवळा उचलला, त्यात अर्धी वाळू होती, आणि खिडकीतून आत त्याच्या मांडीवर टाकला. तो किंचाळला. नवी सीट, नवी सीट, असं ओरडत राहिला.

मग तिने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे हात पोटावर होते, शर्टावर डाग उमटला होता. तिने मला हळूच विचारलं, "यांना काय होतंय?"

मी दोन शब्दांत सांगितलं.

"घर इथंच हाय," ती म्हणाली. "पानी हाय, बाथरूम हाय. चला दादा."

तिच्या घरामागे फरशी बसवलेलं स्वच्छ न्हाणीघर होतं. तिने बादली भरली, साबण दिला, मुलाचा धुतलेला शर्ट दिला आणि पुढच्या दारात जाऊन बसली. पोटाच्या पिशवीचं जादाचं सामान माझ्या पर्समध्ये असतंच. नवरा आत असताना मी तिच्याबरोबर जाळ्यांवर गेले. आम्ही जवळा चाळून पाहिला. वाळू निघत नव्हती.

"आता हा कोंबड्यांच्या खाद्यालाच जानार," ती म्हणाली. "मानसांनी खायचा होता."

दुसऱ्या दिवशी मी शोरूमच्या मॅनेजरसमोर बसले. झालेलं सगळं सांगितलं, वास आणि अत्तरासकट. त्याने मान हलवत ऐकलं. "सॉरी मॅडम, व्हेरी अनफॉर्च्युनेट," म्हणाला. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून, "तुम्ही आज बुकिंग केलं तर सीट कव्हर आणि मॅट आमच्याकडून फ्री."

माझ्या तोंडात खरोखर कडू पाणी आलं. मला वाटलं होतं तो निदान त्या बाईचं नुकसान भरून देण्याबद्दल बोलेल. ते मी स्पष्ट विचारलं, तर म्हणाला, "ते लोक रोजच काहीतरी काढतात." मी उठले. त्याने मागून विचारलं, "सरांचा फीडबॅक काय आहे?"

घरी आल्यावर मी म्हटलं, मला ती गाडी दारात नको. नवरा म्हणाला, "गाडीने काय केलंय?" त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मला त्या नावाचीच घाण वाटत होती. तो म्हणाला, "अगं, अपमान माझा झालाय आणि मला डोंगरात जायचंय. तू रुसून मला घरात बसवू नकोस."

शेवटी तेच मॉडेल जुनं मिळालं. फुलपाड्यात एका दुकानदाराने हौसेने घेतलेलं. गल्ली एवढी अरुंद की गाडी उभी केली की रिक्षा अडायची, शेजारी शिव्या घालायचे, कोणीतरी दोन्ही दारांवर खिळ्याने ओरखडे काढले होते. चार चाकांचा गिअर त्याने एकदाही वापरला नव्हता.

"डोंगरात कुठे नेली होती?" मी विचारलं.

"छे हो ताई. मॉलमध्ये नेतो. तिथेपण पार्किंगला जागा मिळत नाय." त्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः मागे जाऊन बसला.

हूक कंपनीच्या मापाचा मागवून, बोल्टने, सातिवलीच्या त्या फॅब्रिकेशनवाल्याकडूनच बसवला. ट्रेलर जोडून मी त्याच्या आवारातून बाहेर काढला. पुढे जाणं सोपं होतं. मागे घेताना ट्रेलर उलटाच वळायचा, एकदा तर त्याच्या पत्र्याच्या कुंपणाला जाऊन टेकला. हळूहळू जमलं.

पहिल्यांदा आम्ही जव्हारला गेलो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढत गेली, मागचं घर जड आहे हे फक्त वळणांवर कळत होतं. ज्या ओढ्याकाठी थांबायचं ठरवलं होतं तिथे आमच्याआधी सात-आठ मोठ्या गाड्या पोचलेल्या. पाण्यात गाड्या उभ्या करून लोक टायर धूत होते. काठावर बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटी, लहान मुलांचे डायपर. एका बाईने खाऊन उरलेला भात पाण्यात टाकला आणि हात झटकले. मी खालीही उतरले नाही.

पुढे एका शेतकऱ्याने भातकापणी झालेल्या खाचरात गाडी लावू दिली. त्याने काही विचारलं नाही, फक्त गुरं बांधायची बाजू सोडून लावा म्हणाला. त्या रात्री नवरा ऑपरेशननंतर पहिल्यांदा घराबाहेर सलग झोपला. सकाळी ऊन चांगलं वर आलं तरी उठला नाही. मी बाहेर शेगडी मांडून चहा केला, माझा पिऊन झाला, त्याचा झाकून ठेवला, आणि त्याला हाक मारली नाही.