हेमाताईच्या गाडीची पुढची दोन चाकं

"होईल की ताई, का नाही होणार!" असं केदार कोणाला तरी म्हणाला, तेव्हा मी एका गाडीखाली आडवा पडून गिअरबॉक्स उतरवत होतो. काय 'होईल' ते मला माहीत नव्हतं. केदारलाही नव्हतं.

केदार म्हणजे विक्रोळीच्या आमच्या गॅरेजचा मालक. वय पस्तीस, बोलणं झकास, पण बॉनेट उघडलं की दोन पावलं मागे सरकतो. मी सावंत, त्याचा हेड मेकॅनिक. गिअरबॉक्स उघडण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यातली निम्मी मालकांनी दिलेले शब्द निस्तरण्यात.

बाहेर आलो तर समोर पन्नाशीच्या एक बाई. हातात काठी, मागे त्यांची मोठी, जुनी एसयूव्ही.

"मी हेमा. वर्सोव्याची," त्या म्हणाल्या. "गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. मला चारी चाकांवर चालणारी करून पाहिजे."

"ताई, त्यापेक्षा तयार फोर-व्हील ड्राइव्ह घ्या ना सेकंडहँड."

"माझ्या बजेटमध्ये क्लचवाली मिळते. क्लच तू येऊन दाबणार?"

तेव्हा कळलं. दोन वर्षांपूर्वी बोट आणि धक्क्याच्या मध्ये त्यांचा डावा पाय सापडला. गुडघा वाकत नाही. क्लच नको म्हणून ऑटोमॅटिक. नवऱ्याच्या मागे छोटी बोट त्याच चालवतात, दोन खलाशी घेऊन. बोट ट्रॉलीवर चढवून गाडीने वाळूतून वर ओढायची. मागची चाकं ओल्या वाळूत रुतायची, पुढची नुसती शोभेला. दोनदा गाडी अडकली. दुसऱ्यांदा भरतीचं पाणी दारापर्यंत आलं.

"आणि तेव्हा माझा दीर काठावर उभा राहून काय म्हणतो? वहिनी, बोट माझ्याकडे दे, तू घरी बस." त्यांनी काठी आपटली. "बोट फोडून जाळीन, पण त्याला देणार नाय. नारळी पौर्णिमेच्या आत गाडी पाहिजे."

मी केदारकडे बघितलं. केदारने फोनकडे बघितलं.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. गिअरबॉक्सच्या मागून एक दांडा बाहेर येतो, त्याला आउटपुट शाफ्ट म्हणतात. टू-व्हील गाडीत तो लांब असतो आणि इंजिनाची ताकद थेट मागच्या चाकांकडे नेतो. फोर-व्हीलमध्ये तो आखूड असतो आणि त्याच्यामागे ट्रान्सफर केस नावाची पेटी बसते. ती ताकदीच्या दोन वाटा करते, एक मागे, एक पुढे. म्हणजे मला पेटी हवी, पुढची चाकं फिरवणारा सगळा सांगाडा हवा आणि आखूड शाफ्ट हवा. हा शाफ्ट गिअरबॉक्सच्या पार पोटात असतो. बदलायचा तर अख्खा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुट्टा करायचा. टेबलावर मांडला की घड्याळाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानाचं मिश्रण वाटतं.

गाडीतल्या अशा बदलाला लागणारा आरटीओचा अर्ज मी केदारच्या गळ्यात मारला. परवानगी हातात येईपर्यंत नट सैल करणार नाही म्हटलं. शब्द त्याने दिला होता, खेटेही त्यानेच घालावेत.

तोवर मी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे फिरलो. याच मॉडेलची फोर-व्हील गाडी मिळाली. उलटून छत चेपलेली, खालून ठणठणीत, पण क्लचवाली. तिची ट्रान्सफर केस आणि पुढचा सगळा भाग उचलला. मागच्या चाकांचा आस, म्हणजे अ‍ॅक्सल, तिथेच सोडला, आपल्या गाडीला तो आहेच म्हणून. आखूड शाफ्ट एका जळलेल्या ऑटोमॅटिकच्या पोटात सापडला.

परवानगी आली आणि आम्ही अकरा दिवस राबलो. गिअरबॉक्स उघडला, शाफ्ट बदलला, परत बांधला. मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड केला. पहिल्याच स्टार्टला गिअर लोण्यासारखे पडले. मी स्वतःवर इतका खूश झालो की चहा मागवला.

हेमाताई ट्रायलला आल्या, शेजारी बसल्या. मी गल्लीत गाडी काढली आणि फोर-व्हीलचा लिव्हर टाकला. वीस मीटर सरळ गेलो असेन. खालून कटकट आवाज, मग धक्का, मग गाडीने चक्क उडी मारली. लिव्हर परत काढायला गेलो तर जाम.

"मिस्त्री, ही गाडी हाय की घोडा?"

 कान गरम झाले होते.

रिव्हर्स टाकल्यावर लिव्हर एकदाचा सुटला. गाडी लिफ्टवर घेतली. डावी दोन्ही चाकं पट्ट्याने बांधली, उजव्या दोन्हींवर खडूने खूण केली, फोर-व्हीलचा लिव्हर टाकला आणि दांडा हाताने फिरवला. मागच्या चाकाचे दहा फेरे झाले, तेव्हा पुढच्याचे जेमतेम नऊ.

वाट लागली होती, आणि ती मीच लावली होती. दांड्याचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा, हे अ‍ॅक्सलमधल्या दातांच्या जोडीवर ठरतं. तिला क्राउन-पिनियन म्हणतात. क्लचवाल्या आणि ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये ही जोडी कंपनीने वेगवेगळी टाकली होती. पुढची चाकं एक वेग मागत होती, मागची दुसरा. दात मोजायला दहा मिनिटं लागतात. मी मोजले नव्हते. तीस वर्षांचा अनुभव ना!

केदारने मला बाजूला घेतलं. "सावंत, वाळूत चाकं घसरतातच ना? तिथे फरक कळणार नाही. देऊन टाकू."

"सुक्या वाळूत नाही कळणार. ओल्या, घट्ट वाळूत पेटी फुटेल. मागे बोट, समोर भरती, आणि ह्यांचा पाय असा. तू जाणार ओढायला?"

 मी हेमाताईंना सरळ सांगितलं, "चूक माझी आहे. आठ दिवस द्या."

 "माझा दीर कधीच असं बोलला नाय," त्या म्हणाल्या. "सहा घे."

आता त्या भंगार गाडीचा मागचा अ‍ॅक्सल हवा होता, त्यातली दातांची जोडी पुढच्याशी जुळणारी म्हणून. भंगारवाला म्हणाला, "वो तो गया." गेला होता घाटकोपरच्या एका गणपती मंडळाकडे, विसर्जनाच्या ट्रॉलीसाठी. मी पोहोचलो तेव्हा सेक्रेटरी त्याला सोनेरी रंग देत होता.

"अ‍ॅक्सल राहू दे तुम्हाला," मी म्हटलं. "फक्त आतले दात द्या."

"बाप्पाच्या ट्रॉलीचे पार्ट काढायचे?" तो ब्रश घेऊनच उठला.

"अहो, तुम्ही ती माणसांनी ढकलणार ना? हे दात आत राहिले तर फुकट फिरत बसतील. काढले की ट्रॉली हलकी चालेल. दहा माणसांच्या जागी आठ पुरतील."

त्याने विचार केला. ढकलायला माणसं मिळत नाहीत, ही त्याची दुखरी नस असावी. मी तिथेच मांडवात बसून क्राउन-पिनियन काढलं. निघताना त्याने वर्गणीची पावती फाडलीच.

या वेळी आधी दात मोजले. दोनदा. मग केदारकडून एकदा मोजून घेतले, त्यालाही कामाची चव कळावी म्हणून. लिफ्टवर दहाला दहा आले.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ओहोटीला आम्ही वर्सोव्याला गेलो. बोट ट्रॉलीवर चढली होती. दीर ट्रॅक्टरवाल्याला घेऊनच आला होता, हाताची घडी घालून. हेमाताईंनी मला गाडीत बसू दिलं नाही.

गाडी निघाली आणि मधल्या ओल्या पट्ट्यात मागचं टोक खाली बसलं. मागची चाकं फिरून चिखल उडवायला लागली.  मग पुढच्या चाकांनी वाळू घट्ट धरली, आणि गाडी बोटीसकट वर आली. हळू, अजिबात न घसरता. खलाशी ओरडले. हेमाताई दिरासमोर येऊन थांबल्या आणि काच खाली केली.

"ट्रॅक्टरवाल्याला चहा पाज," त्या म्हणाल्या. "फुकट आला बिचारा."

त्यानंतर तशाच कामासाठी बरेच फोन आले. मी प्रत्येकाला तयार फोर-व्हील गाडी घ्यायला सांगतो. कोणी ऐकत नाही. जो अडूनच बसतो त्याचं काम घेतो, पण गाडी जमिनीवर टेकवायच्या आधी चाकं हवेत फिरवून बघतो. तिथे चूक निघाली तर फक्त मेकॅनिकची इज्जत जाते, आणि ती दुसऱ्या दिवशी कामावर परत येते.