सातला मृणाल येते, नेट सांभाळा!

ज्या घरात नेट नीट चालतं, त्या घरात किस्से होत नाहीत. आमच्याकडे इतके साचलेत की कोणी चहाला आलं की मिलिंद विचारतो, "कुठला सांगू?" आणि नेमका अर्धवट सांगतो. म्हणून आज मीच सांगते.

आधी माणसं. छत्रीबागेतल्या घरात मी, नवरा मिलिंद आणि सासरे, म्हणजे अण्णा. नणंद मृणाल डब्लिनला. सासूबाई होत्या तोवर मृणालशी बोलायचं खातं त्यांच्याकडे होतं. त्या गेल्यावर बापलेकीचा फोन असा : "बरी आहेस?" "बरी." "जेवलीस?" "हो." की फोन माझ्या हातात!

मग मृणालनेच अण्णांना एक लढाईचा गेम शिकवला. दोघं एकाच टीममध्ये. कानाला हेडफोन लावून शत्रू शोधता शोधता अण्णा चक्क बोलायला लागले. तिचं ऑफिस, तिथली थंडी, आईच्या हातची आमटी, सगळं. रोज संध्याकाळी सातला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. आणि बोलणं रंगात आलं की नेट जायचं. तेव्हा अण्णांचा चेहरा मला बघवायचा नाही.

\*

आमचा नेटवाला सोनू. पहिल्यांदा आला तो मोबाईलवर स्पीड बघून खूश! "दादाजी, स्पीड तो झन्नाट है!"

अण्णा भडकले. "स्पीडला काय चाटू? मला गोळी पहले लागते, आवाज बाद में येतो!"

सोनूने मला समजावलं, "भाभी, सिग्नल को जाके आने में टाइम लग रिया है." तरी मिलिंदने हट्टाने मोठा प्लॅन घेतला. मग अण्णा हाय स्पीडने मरायला लागले.

\*

बैठकीच्या भिंतीवर अण्णांच्या पणजोबांची तलवार आणि ढाल आहे. ते इथल्याच होळकरांच्या फौजेत होते. अशा भिंतीवर राउटर शोभत नाही, म्हणून अण्णांनी तो ढालीमागे लपवला होता! ते बघून सोनूने कपाळावर हात मारला. "ढाल तो अपना काम कर री है, दादाजी. कुछ आने-जाने नी दे री!"

राउटर बाहेर काढून तलवारीच्या शेजारी टांगला. दसऱ्याला अण्णांनी शस्त्रांची पूजा मांडली. तलवारीला कुंकू, ढालीला कुंकू, राउटरलाही कुंकू आणि वर झेंडूचं फूल. मिलिंदला हसू आवरेना.

"हसतो काय? तलवार बाहेर निघून जमाना झाला. हा रोज मैदानात असतो!"

\*

तरी मधूनच नेट गचके खायचं. सोनू येऊन गेला, काही सापडेना. एका संध्याकाळी अण्णांनी एका कानावरचा हेडफोन सरकवून खोलीतून हाक मारली, "अगं, मृणाल विचारते आहे, तू आत्ता कचोऱ्या गरम केल्या का?"

मी मायक्रोवेव्हसमोर उभी, हातात बशी! मायक्रोवेव्ह चालू झाला की घरातलं वायफाय अडखळतं, हे तिला माहीत होतं. रोज एकाच सुमाराला बाबांचा आवाज तुटतो, यावरून तिने ओळखलं. मला एकदम भरून आलं. इतक्या लांबून तिला आमच्या कचोऱ्यांची वेळ कळत होती. त्या दिवसापासून मी कढईत गरम करते.

\*

मग सोनूने आमच्या नेटवर कोण कोण आहे ते काढलं, तर अर्धी गल्ली! आमच्याकडे आलेल्याला पाणी, शेव आणि पासवर्ड न मागता मिळतो. हा अण्णांचाच रिवाज.

मिलिंद म्हणाला, "पासवर्ड बदलून टाकू."

"घरी आलेल्याला दिलेली चीज वापस घ्यायची? बिलकुल नाही!"

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः काठी टेकत दारोदार गेले. "सात ते आठ जरा नेट सोडाल का जी? मुलीशी बोलायचं असतं." तेव्हापासून सात वाजत आले की समोरच्या शर्माकाकू गॅलरीतून मुलांवर ओरडतात, "नेट छोड़ो रे! मृणाल आ गई!"

पाहुण्यांना वाटतं, माहेरवाशीण खरंच आली. ते तिला बघायला आत डोकावतात.

\*

शेवटी सोनूने राउटरपासून अण्णांच्या खोलीपर्यंत सरळ वायरच ओढली. नेट असं शांत झालं की आम्हालाच करमेना.

परवा सातनंतर चहा घेऊन गेले, तर स्क्रीनवर अण्णांचा शिपाई नुसता उभा. शेजारी मृणालचा, तोही नुसता उभा. मी ओरडले, "मिलिंद, नेट गेलं!"

तो धावत आला. वायर दाबून बघितली, राउटर बघून आला. दिवे सगळे हिरवे. तेवढ्यात स्क्रीनवर कोणीतरी आलं आणि दोघांनाही मारून गेलं. अण्णा हललेसुद्धा नाहीत. कंट्रोलर मांडीवर पडला होता आणि दोन्ही हातांनी त्यांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला होता.

मिलिंद वाकून म्हणाला, "अण्णा, तिचा आवाज येतोय ना?"

अण्णांनी मान डोलावली आणि त्याला गप्प राहायची खूण केली. मग माईक ओठांजवळ ओढून हळूच म्हणाले, "रड बेटा. मी आहे. आज लाइन नाही कटणार."