वसुधा मॅडम आणि साध्या पाण्याची बरणी

काल ज्या बाईंना खांदा दिला, त्यांना दिवाळीआधी लोकांनी तोंडावर 'विकली गेलेली' म्हटलं होतं.

मी शेजारीच उभा होतो.

वसुधा मॅडम माझ्या पीएचडीच्या गाइड. घर बडोद्याच्या कारेलीबागेत, मिस्टर आयुष्यभर तेलाच्या रिफायनरीत, जिथून प्लास्टिकचा कच्चा माल निघतो. "प्लास्टिकच्या माहेराहून आमचा पगार येतो," असं त्याच हसून सांगायच्या.

आणि दिवसभर लॅबमध्ये समुद्रातल्या प्लास्टिकचं विष तपासायच्या.

"समुद्रात प्लास्टिक आहे हे शेंबडं पोरही सांगेल. त्याने कोण मरतं, किती प्लास्टिकने मरतं, ते सांग. नाहीतर गप्प बस," असं त्या आम्हाला सुनवायच्या.

खंभातच्या आखाताकाठी एक गाव आहे. तिथे किनाऱ्यावरच्या चिखलात प्लास्टिकचे बारीक दाणे साचत होते. कोळंबीची पिल्लं उरत नाहीत, असं मच्छीमारांचं म्हणणं. दाणे जवळच्या प्लास्टिक कारखान्यातून येतात म्हणून त्याच्याविरुद्ध सुनावणी लागली.

गावाकडे पुरावा एकच. मॅडमची टेस्ट.

टेस्ट समजायला सोपी आहे. काही बरण्यांत ते दाणे भिजवलेलं पाणी, काहींत साधं समुद्राचं पाणी. सगळ्यांत कोळंबीची पिल्लं सोडायची. साध्या पाण्यातली जगायलाच हवीत. ती मेली तर सगळी टेस्ट बाद.

नवरात्र चालू होतं. त्या दिवसांत बडोद्यात घरी कोण बसतं? साठीला टेकलेल्या मॅडमही रोज गरब्याला जायच्या. सकाळी सुती ॲप्रन घालून वेळेवर लॅबमध्ये हजर.

सुनावणी तोंडावर आली आणि दाण्यांच्या बरण्यांत पिल्लं मरून पडलेली दिसली. आम्ही खूश झालो. काय माणसं असतो आपण.

मॅडम खूश नव्हत्या. त्यांनी साध्या पाण्याची बरणी खिडकीकडे धरली. त्यातही काही पिल्लं मेली होती, आणि तळाशी सोनेरी चमकी होती.

गरब्याची चमकी. तीही प्लास्टिकच.

मॅडमनी केसांतून हात फिरवला आणि बोटं बघितली. तीच चमकी.

आम्ही बाकीच्या बरण्यांचे तळ बघू लागलो. मग एकजण हळूच म्हणाला, "मॅडम, ही बरणी बाजूला काढू. बाकीच्या ठीक आहेत."

"ही चमकी दिसली म्हणून कळलं. न दिसणारी कुठे कुठे पडली, तू सांगणार?"

फोनवर सांगायची गोष्ट नाही म्हणून त्याच दुपारी आम्ही गावात गेलो. मच्छीमारांचे पुढारी कनुभाई ओट्यावर बसले होते. मॅडमनी सगळं सांगितलं. गरब्यासकट.

"बेन, अमे तमारा भरोसे बेठा छीए. हवे सुनावणीमां शुं बतावीए?" आता सुनावणीत दाखवायचं काय, हा कनुभाईंचा प्रश्न.

"भूल मारी छे, कनुभाई. पण खोटो रिपोर्ट नहीं आपुं."

मागून आवाज आला, "बेन वेचाई गयां." म्हणजे बाई विकल्या गेल्या.

माझं डोकं फिरलं. मी पुढे झालो तर मॅडमनी मनगट धरलं. "त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं," एवढंच म्हणाल्या.

सुनावणीत मॅडम स्वतः उभ्या राहिल्या. टेस्ट बाद आहे, चूक माझी आहे, पुन्हा करायला वेळ द्या. समोरचे वकील गालात हसत होते. ते हसू मला अजून झोंबतं.

पुढची तारीख मिळाली. मॅडमनी केसांना सुती फडकं बांधून नव्या बरण्या लावल्या, आणि दोनच दिवसांत छातीत दुखतंय म्हणून ॲडमिट झाल्या. हॉस्पिटलमधूनही मेसेज यायचे. साधं पाणी कसंय?

काल सकाळी त्या गेल्या.

बरण्यांचा शेवटचा दिवसही कालचाच. स्मशानातून घरी जाऊन अंघोळ केली आणि तडक लॅब गाठली.

साध्या पाण्यातली सगळी पिल्लं जिवंत होती. दाण्यांच्या पाण्यातली जवळजवळ सगळी मेलेली.

मी खुर्चीत बसून रडलो. मग कनुभाईंना फोन केला. म्हटलं, या वेळी टेस्ट पक्की आहे, सुनावणीत देता येईल.

मॅडमनी पाहिलं का, एवढंच कनुभाईंनी विचारलं.

"बेने जोयुं?"

"ना, कनुभाई. त्याआधीच गेल्या."

"तो एक वार फरी करो. तारीखने हजी वार छे. आ वखते बेन पर कोई आंगळी न चींधे." तारखेला अजून वेळ आहे, टेस्ट पुन्हा एकदा करा, या वेळी मॅडमकडे कुणी बोट दाखवायला नको, असं त्यांचं म्हणणं.

मॅडम, उद्या सकाळी पुन्हा बरण्या लावतोय.

नमस्कार करतो. निवांत जा.