परसातला बुडखा

आमच्या नाटक कंपनीचे कपडे शिवणारी बाई तोंडात टाचण्या धरून बोलायची, म्हणून ती सगळ्यांची टाचणीमावशी. राजाचा अंगरखा असो की चोराची फाटकी बंडी, तिच्या मशीनखालून गेल्याशिवाय कुणी रंगमंचावर जात नसे. कंपनी बंद पडली, आम्ही घरी बसलो. ती मात्र रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीपाशी, अजून शिवते आहे.

तिच्या परसात आंब्याचा बुडखा आहे. झाड वादळात गेलं, बुडखा राहिला. त्याची तिनं ऐरण केली. टिचबटणं त्यावरच ठोकते. माझं पत्र्याचं चिलखतही तिथंच ठोकून दिलं होतं, आणि वर ऐकवलं होतं, "पोट आत घे, नाहीतर लढाईआधीच फुटशील."

परवा मी तिच्याकडे गेलो, तर तिच्या मुलानं बुडखा काढायला माणूस आणला होता. त्याला परसात खोली बांधायची होती. माणसानं बुडख्याभोवती फेरी मारली, परसाकडे जाणारा बोळ पावलांनी मोजला आणि मावशीच्या खोलीत येऊन मान हलवली. "बुडखा उपटायचं यंत्र बोळातून जाणार नाही. या खोलीची भिंत पाडून न्यावं लागेल. भिंतीचा खर्च वेगळा."

त्यानं सांगितलेला आकडा मी दोनदा विचारून घेतला. मुलगा मात्र ढिम्म. "पाडा. या खोलीचं दुकान करून भाड्यानं द्यायचंय. आईला मागे नवी खोली होईलच."

मावशीच्या कानावर हे पहिल्यांदाच पडत होतं. मशीन थांबलं. तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून मशीनवरच्या छोट्या उशीला टोचल्या. हे मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, कंपनीच्या मालकानं तयार कपडे भाड्यानं आणायचा विषय काढला तेव्हा.

"बुडखा काढायचे एवढे," ती त्या माणसाला म्हणाली, "आणि मला काढायचे किती घ्याल?"

"मावशी, मी फक्त झाडांची कामं घेतो," तो बिचारा म्हणाला.

"आई, अगं तुझ्याच भल्यासाठी..."

"माझं भलं या खिडकीपाशी आहे. घर माझ्या नावावर आहे आणि हात अजून चालतात. मागे अंधारात सुई ओवून द्यायला तू येणार आहेस का?"

मावशीनं यंत्रवाल्याची उसवलेली बाही पाहिली, त्याला स्टुलावर बसवलं आणि टाके घातले. "तुमची फेरी फुकट जायला नको."

दुसऱ्या दिवशी, मुलाची साखरझोप चालू असतानाच, परसातून हातोडीचे ठोके सुरू झाले. मागच्या गल्लीत माझ्या घरापर्यंत ऐकू येत होते. इतकी टिचबटणं एकदम कुणाला लागतात, मला ठाऊक नाही.