प्लेटांवरची घोंगडी

सूर्याला दुपारची सुट्टी देणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो आमच्या चिकलठाण्याच्या मागं, माळावरच्या वस्तीत राहतो. हे माझ्या मैत्रिणीचे चुलते. मी त्यांना काका म्हणते. ते मला नावानं कधीच हाक मारत नाहीत. मी स्कूटीवरून उतरले की ओट्यावरूनच आत काकूंना सांगतात, "चहा ठेव गं, पत्रकवाली आली." मी पत्रकं काढते हे खरं आहे, आणि या वस्तीसाठी काढली तेवढी मी कशासाठीच काढली नसतील. वस्तीच्या डोक्यावरून टॉवरच्या जाड तारा कारखान्यांकडं जातात, दिवसरात्र गुणगुणतात, आणि खालच्या घरांत लाइट आली तर आली. यात चीड येऊ नये असं काय आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. काकांना मात्र चीड येत नाही. "वरून इमानबी जातं," ते म्हणतात, "म्हणून आपुन तिकीट मागतो व्हय?"

मग एका संस्थेनं वस्तीला सोलरच्या प्लेटा दिल्या आणि त्यांवर चालणारी पिठाची गिरणी. बोली साफ होती. उन्हाळाभर गिरणी चालली, तर प्लेटा कायमच्या वस्तीच्या आणि शेजारच्या वस्त्यांनाही मिळणार. नाही चालली, तर उचलून नेणार. गिरणी काकूंकडं आली. त्याआधी वस्तीतल्या बाया डोक्यावर दळण घेऊन मुकुंदवाडीपर्यंत जायच्या, आणि तिथं लाइट नसली की डबे ठेवून हात हलवत परत यायच्या. काकूंना तर जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या दारात स्वतःचं काम मिळालं होतं. ते जाऊ द्यायचं नाही, एवढाच त्यांचा ध्यास. पण प्लेटांची राखण काकांकडं गेली आणि घोटाळा तिथं झाला.

काकांची उभी हयात मेंढरांमागं गेलेली. त्यामुळं प्लेटा दारात उतरल्या त्या थेट कळपात भरती झाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकीच्या चौकटीवर गेरूचा ठिपका लावला, मेंढरांच्या पाठीवर लावतात तसा. "दुसऱ्याच्या कळपात मिसळल्या म्हंजे?" दुसरा कळप आसपास कुठंच नव्हता. मग बारसं झालं. कोपरा चेपलेली ती कानफाटी, सकाळी बाभळीच्या सावलीत असते ती आळशी. धूळ पुसताना ते तोंडानं हुर्र हुर्र करत, प्लेट बिचकू नये म्हणून. आभाळ आलं की सांगत, "आज चारा कमी." भोवती काट्यांचं कुंपण घातलं ते तर लांडग्यासाठी. मी म्हटलं, "काका, लांडगा प्लेटा खात नाही." ते म्हणाले, "त्याला कुठं ठाऊक हाय ते?"

एवढं सगळं मी हसून सोडलं असतं. पण ऊन डोक्यावर आलं, म्हणजे ते सगळ्यात कडक आणि सगळ्यात फुकट असतं तेव्हा, काका घरातल्या जाड घोंगड्या काढायचे आणि प्लेटा झाकून टाकायचे. कळप दुपारी सावलीला बसवतात ना, तसं. गिरणी घरघरत थांबायची. ज्वारी अर्धी दळलेली, बाया डबे मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू. "ह्यांच्या पोरी झोपल्या बगा. आता ह्या उठंस्तवर तुमी उपाशी बसा." मी खडूनं जमिनीवर चित्र काढून समजावलं. काका म्हणाले, "भर उन्हात जनावर कुनी चारतं का?"

"ते जनावर नाही, काका. काच आहे."

"मंग तर झालंच. जनावर निदान वरडतं तरी."

शेवटी मी 'प्लेटा झाकू नका' असं ठळक अक्षरांत पत्रकच छापलं. दुसऱ्या दिवशी काका त्याच पत्रकानं कानफाटीला पुसत होते. "कागद चांगला हाय तुझा," म्हणाले.

उन्हाळा सरत आला आणि संस्थेचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. त्या दिवशी काकूंनी सकाळपासून विनवलं, "आजच्या दिस तरी झाकू नगा. घरातलं समदं माझं त्या गिरणीत हाय." पण दुपार झाली आणि काका घोंगड्या घेऊन उठलेच. "पाव्हना येनार म्हणून पोरींचे हाल करायचे का?" काकू गिरणीच्या पत्र्याखाली पाठ फिरवून बसल्या. मी साहेबांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात मावळतीकडून आभाळ काळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा पडायला लागल्या. पत्र्यावर असा दणदणाट, की शेजारचं बोलणं ऐकू येईना. बाहेर आळशी तेवढी उघडी राहिली होती. काकांनी खांद्यावरची स्वतःची घोंगडी तिच्यावर टाकली आणि वरून स्वतः ओणवे झाले. मी आणि काकू ओरडत राहिलो, ते हलले नाहीत.

गारा थांबल्या तशी साहेबांची जीप आली. साहेब उतरले ते पडल्या चेहऱ्यानं. वाटेत संस्थेनं आणखी दोन ठिकाणी दिलेल्या प्लेटा फुटून पापड झाल्या होत्या. आमच्याकडं ओल्या घोंगड्यांची रांग बघून ते थांबले. काकांनी हुर्र हुर्र करत एकेक घोंगडी काढली. सगळ्या धड. ऊन पडलं, काकूंनी बटण दाबलं आणि गिरणी अशी गरजली, की मला वाटलं टॉवरच्या तारांनीसुद्धा खाली वाकून बघितलं.

साहेबांनी विचारलं, "काका, झाकायचं सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात," काका पाठ चोळत म्हणाले. "दुपार हाय."

प्लेटा वस्तीच्या झाल्या. शेजारच्या वस्त्यांवरही आल्या, त्यांतल्या दोन ठिकाणी गिरण्या फिरतात, आणि प्रत्येक ठिकाणी प्लेटांसोबत जाड पांघरुणं ठेवलेली असतात. माळावर आता आमची वीज पिकते. वरच्या तारांनी खुशाल गुणगुणावं. काकूंच्या भुवयांवर कायम पीठ असतं आणि ते त्या पुसत नाहीत. दुपारचं झाकणं चूकच होतं, हे मी आजही म्हणते. आणि काकूंनी एकदाचा हुकूम काढल्यावर काकांनीही ते सोडलं. आता आभाळ भरून आलं तरच घोंगडी निघते.

मी एकदा विचारलं होतं, एवढा हट्ट कशाला केला. माळाचे प्लॉट पडले, चराई संपली, तेव्हा काकांनी मेंढरं विकली होती. ते मला माहीत होतं, पण पत्रकात मी ते एका ओळीत लिहून मोकळी झाले होते. "मेंढरं गेली तवापासून दुपार लई लांब झाली, पोरी," ते म्हणाले. "झाकल्या की वाटायचं, बसलीत."

आता दुपारी गिरणी चालू असते आणि काका प्लेटांखालच्या सावलीच्या पट्टीत घडी केलेली घोंगडी मांडीवर घेऊन बसतात. गिरणीच्या आवाजात माझी स्कूटी ऐकूसुद्धा जायची नाही. तरी मी ती लांबच बंद करते आणि चालत जाते. बसलेला कळप उठवू नये, एवढं मला आता कळतं.